मुसाफिर बंगला आणि बाईमाणसाचा मुक्काम

स्मरणिकेसाठी गावच्या इतिहासावर एखादा लेख असावा असे ठरले, तेव्हा विषय पुष्कळ निघाले. कोणी देवळांवर लिहा म्हणाले, कोणी हळदीच्या बाजारावर. मी मात्र एका साध्या गोष्टीवर अडून बसले. ती गोष्ट म्हणजे मुक्काम. पूर्वी माणसे बैलगाडीने किंवा पायी दोन-दोन, चार-चार दिवस प्रवास करीत, हे आपण सर्वजणी ऐकून आहोत. पण वाटेत रात्र झाली म्हणजे ती माणसे झोपत कोठे? आणि त्यांतल्या बायका कोठे झोपत? हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. राजे कोठे उतरले, फौजेचा तळ कोठे पडला, हे तारीखवार लिहिलेले असते. बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या मुलीची गाडी रात्री कोठे सोडली, हे कोण लिहिणार!

हा प्रश्न माझ्या मनात आला तो आमच्या आजेसासूबाईंमुळे. त्यांचे माहेर नांदेडकडचे. लग्न होऊन त्या वसमतला आल्या तेव्हा आगगाडी सुरू झालेली होती; पण त्यांचे माहेर कोणत्याच स्टेशनाच्या जवळ नव्हते, आणि धान्य, पापड, लोणच्याच्या बरण्या, दोन लेकरे असा सगळा संसार घेऊन निघायचे म्हणजे गाडीबैलच बरे पडत. वाटेत एक रात्र काढावी लागे. त्या सांगत की, सडकेला लागून एक सरकारी बंगला होता. पुढे प्रशस्त ओसरी, आवारात कडुनिंबाची झाडे आणि बांधीव आड. संध्याकाळी चौकीदार ओसरीवर कंदील लावी. आत कोणी नसे. महिन्यातून एखादेवेळी साहेब किंवा तालुक्याचा अंमलदार येई, एरव्ही बंगला रिकामा. पण यांची गाडी सुटे ती फाटकाच्या बाहेर. चौकीदार भला माणूस होता, मागितले तर आडाचे पाणी काढून देई; मात्र फाटकाच्या आत येऊ देण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. "दिवा आत जळायचा अन् आम्ही बाहेर अंधारात," हे आजेसासूबाईंचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की तो कंदील मी स्वतःच पाहिला आहे असे मला वाटते.

तो बंगला कोणी बांधला, कोणासाठी बांधला आणि त्याच्या फाटकात आमची गाडी का शिरू शकत नव्हती, हे शोधावे म्हणून मी वाचू लागले. त्यातून जे हाती आले ते येथे सांगते.

प्रथम नावाविषयी. सरकारी विश्रामगृहाला जुनी माणसे 'डाक बंगला' म्हणतात. कोणी 'मुसाफिर बंगला' म्हणत. त्यातल्या 'डाक' या शब्दाचा मूळ अर्थ टप्पा. आगगाडी नव्हती तेव्हा टपालही टप्प्याटप्प्याने धावे आणि पैसेवाला माणूसही. साहेबाला लांब जायचे झाले म्हणजे तो आगाऊ पैसे भरून 'डाक बसवी'. म्हणजे दर दहा-बारा मैलांवर ताज्या दमाचे भोई तयार ठेवलेले असत. आठ भोई आळीपाळीने पालखी वाहत, रात्री पुढे मशालजी धावे, मागून कावडीवर सामान येई. तासाला तीन-चार मैल पडत. अशा प्रवाशाला दिवसाच्या उन्हात कोठेतरी टेकायला, अंघोळ करायला, जेवायला जागा हवी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या सुमारास बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानच्या मोठ्या सडकेवर टप्प्याटप्प्याने बंगले उठविले. पुढे ती पद्धत सगळ्या देशभर पसरली. 'बंगला' हा शब्दही बंगाली पद्धतीच्या घरावरून आला. आज आपण दोन मजली माडीला बंगला म्हणतो; मूळचा बंगला म्हणजे चारी बाजूंनी उतरते छप्पर असलेले बैठे घर.

आता कोणी म्हणेल की आपला मुलूख इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता; मग येथे हे बंगले कशाला? ते खरे आहे. पण निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक स्वतंत्र फौज होती, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, आणि हिंगोली येथे होत्या. हिंगोलीची छावणी १९०३ साली उठली. तोवर सत्तर-ऐंशी वर्षे या मुलखातून पलटणी, त्यांचे अंमलदार, त्यांच्या मडमा, त्यांचे टपाल यांची ये-जा चालू असे. सडका त्यांच्या पायांनी ठरल्या, आणि सडकेमागून बंगले आले. पुढे सालारजंगांच्या कारभारात जिल्हे बांधले गेले, बांधकामखाते उभे राहिले. मग तालुकदार, तहसीलदार, पोलिसांचे मोहतमीम असे आपल्याच राज्याचे अंमलदार दौऱ्यावर फिरू लागले. त्यांच्याही उतरण्याची सोय अशाच बंगल्यांतून होई. दप्तर उर्दूत, इमारत इंग्रजी धाटणीची आणि चौकीदार मराठी बोलणारा, असा तो तिरंगी कारभार होता.

हिंगोलीचे नाव निघाले म्हणून तेथील एक हकीगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रात्रीच्या मुक्कामाचे भय म्हणजे काय, हे तीवरून कळते. मेडोज टेलर नावाचा इंग्रज अंमलदार निजामाच्या नोकरीत होता. त्याने १८३९ साली ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली. ती विलायतेत फार गाजली. तिच्या प्रस्तावनेत त्याने आपण हिंगोलीच्या छावणीत असताना पाहिलेली गोष्ट लिहिली आहे. हरीसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी छावणीत होता. माणूस प्रतिष्ठित, खुद्द टेलरनेही त्याच्याकडे खरेदी केलेली. एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. परवाना मिळाला. ते कापड हिंगोलीपासून जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचे होते आणि तो माल घेऊन वाटेवर आहे, हे हरीसिंगाला आधीच ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना मारले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड उघड विकला. कोणाला संशयही आला नाही. तो ठगांचा नायक होता, हे पकडला गेल्यावर त्यानेच सांगितले तेव्हा कळले. टेलर लिहितो की त्याच्या टोळीने छावणीच्या बाजारात, पहाऱ्याच्या मुख्य ठाण्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर एका कोरड्या ओघळीत पुरली. ते खड्डे उकरताना टेलर स्वतः हजर होता. एकामागून एक प्रेते निघू लागली, तेव्हा पाहणाऱ्यांना शिसारी येऊन त्यांनी पुढचे खोदणेच थांबविले.

ठगांच्या कथा इंग्रजांनी आपला कारभार किती आवश्यक आहे हे दाखविण्यासाठी फुगवून सांगितल्या, असे अलीकडचे काही इतिहासकार म्हणतात. त्यात तथ्य असेल. तरी हिंगोलीच्या ओघळीतली प्रेते काही कोणी कादंबरीसाठी पुरली नव्हती. आणि या धंद्याचे वर्म कोठे होते ते पाहा. ठग वाटमाऱ्यासारखा अंगावर धावून येत नसे. तो वाटेत भेटे, गोड बोले, "पुढे रस्ता वाईट आहे, आपण मिळून जाऊ" म्हणे. सोबत हवी ही प्रवाशाची गरज, तीच त्याची जाळी. मुक्कामाच्या जागी गप्पा चालत, कोणी गाणे म्हणे, आणि ठरलेली खूण होताच गळ्याभोवती रुमाल पडे. बायकांना मारू नये असा ठगांचा नेम होता म्हणे; पण पकडलेल्या ठगांच्या जबान्यांवरून तो नेम कित्येकदा मोडलेला दिसतो. आजेसासूबाईंच्या काळी ठग उरले नव्हते. तरी वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाच्या हातचा पानाचा विडासुद्धा घेऊ नये, ही ताकीद त्यांना त्यांच्या आजीने दिली होती, आणि ती त्यांनी आम्हाला दिली. ताकद किती जुनी होती हे टेलर वाचल्यावर माझ्या लक्षात आले.

अशा वाटेवर भक्कम दाराचा, चौकीदाराचा, दिव्याचा बंगला म्हणजे केवढा आधार! पण तो कोणाला?

आत काय असे ते पाहू. दोन किंवा तीन खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर, पुढेमागे ओसरी. खोलीत एक खाट, एक मेज, दोन खुर्च्या. अंथरूण प्रवाशाने आपले आणावे. मुदपाकखाना मागे, निराळा. दिमतीला खानसामा, चौकीदार, पाणक्या आणि भंगी. भाडे माणशी दिवसाला एक रुपया. मेजावर एक जाडजूड वही असे. तीत प्रवाशाने नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, दिलेले पैसे आणि तक्रार असल्यास तक्रार लिहावी. नियम असा होता की चोवीस तास झाले आणि नवा प्रवासी दारात उभा राहिला की जुन्याने जागा सोडावी. हा नियम मला फार आवडला. शेवटी येणारा सर्वांत थकलेला असतो, हे कोणीतरी ओळखले होते.

जेवणाची मौज निराळीच. बहुतेक ठिकाणी कोंबडीखेरीज दुसरे काही मिळत नसे. साहेबाची पालखी आवारात शिरताना जी कोंबडी अंगणात टिपत असे, तीच साहेबाची अंघोळ उरकेपर्यंत ताटात पडलेली असे. त्या पदार्थाला इंग्रजांनी आपल्या बोलीत 'आकस्मिक मृत्यू' असेच नाव दिले होते, आणि १८८६ साली छापलेल्या त्यांच्या एका प्रसिद्ध शब्दकोशात ते नोंदलेले आहे. डाक बंगल्याच्या भुताच्या गोष्टीही त्यांच्यात पुष्कळ चालत. किप्लिंगने १८८८ साली अशी एक गोष्ट लिहिली. रात्रभर शेजारच्या खोलीत कोणी अदृश्य माणसे बिलियर्ड खेळत असल्याचा आवाज येतो आणि प्रवासी भीतीने गारठतो. सकाळी पाहावे तो एक उंदीर आणि खिडकीची सैल चौकट! रिकाम्या घरात एकटे झोपणारी माणसे सगळीकडे सारखीच घाबरतात, एवढे त्यावरून दिसते.

कागदोपत्री बंगला सर्व मुसाफिरांसाठी होता. 'हिंदी माणसास मज्जाव' अशी पाटी लागलेली नसे, आणि सुशिक्षित हिंदी अंमलदार, वकील तेथे उतरतही. परंतु रोज एक रुपया कोणाच्या खिशात होता? त्या काळी शेतमजुराच्या हाती दिवसाकाठी चार आणेही पडत नसत. शिवाय खाट, मेज, काटेचमचे, कमोड ही सारी मांडणीच साहेबाच्या राहणीची. आमच्या गाडीत दोन पुरुष, चार बायका, पाच पोरे, बैलांसाठी कडब्याच्या पेंढ्या. आम्हाला हवे काय? तीन दगडांची चूल मांडायला जागा, बैल बांधायला झाड, पाणी, आणि बायकांना आडोसा. यांतले पाणी आणि झाड बंगल्याच्या आवारात होते. पण आवार आपले नव्हते.

खर्चाची गोष्ट तर आणखी बोचणारी आहे. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंडाची पट्टी बसविली होती. तिचा एक भाग शाळांना जाई आणि मोठा भाग सडका, विहिरी, धर्मशाळा असल्या कामांना. आपल्या निजामी मुलखातही शेतसाऱ्यावर लोकलफंडाची पट्टी आली. त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत जिल्ह्याजिल्ह्यांतील उतरण्याच्या जागांची नोंद आहे. ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: अंमलदारांचे बंगले वेगळे मोजले आहेत, आणि सामान्य वाटसरूंच्या धर्मशाळा वेगळ्या. एकीला खाट, खानसामा, वही. दुसरीला एक लांबलचक पडवी आणि उघडी कमान. पट्टी भरणारा कुणबी पडवीत, आणि पट्टी वसूल करणारा खाटेवर! सरकारने दोन्ही बांधले हे मात्र मान्य केले पाहिजे. पडवीही नसती तर पावसात लोकांनी काय केले असते?

ही कल्पना काही इंग्रजांनी प्रथम आणली नाही. शेरशहाने सोळाव्या शतकात आपल्या सडकांवर दर दोन कोसांना सराया बांधल्या. त्यांत हिंदूंची व मुसलमानांची उतरण्याची व पाण्याची सोय निरनिराळी ठेवली होती. आपल्या मराठवाड्यातच अजिंठ्याच्या वाटेवर फर्दापूरला मोगलाईतील सराई आहे: चारी बाजूंनी उंच भिंत, आत ओळीने खोल्या, आणि रात्री बंद होणारा भला थोरला दरवाजा. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, हे तर आपणा सर्वांस पाठ आहे. एक विधवा बाई राज्य चालविते आणि तिला वाटसरूची रात्र आठवते, याचे मला फार अप्रूप वाटते. जी स्वतः यात्रा करते तिलाच घाटाच्या पायऱ्या आणि कपडे बदलण्याचा आडोसा यांचे महत्त्व कळते. इकडे नांदेडला गुरुद्वारात लंगर चालतो. जात न विचारता जेवू घालावे हा त्या पंथाचा दंडकच आहे. आजेसासूबाई औंढ्याला शिवरात्रीच्या यात्रेला जात तेव्हा नागनाथाच्या देवळाच्या ओवरीत झोपत, आणि माहेरी जाताना नांदेडास गुरुद्वारात प्रसाद घेत. दोन्ही ठिकाणी दिवा बाहेर होता, असे त्या म्हणत.

पण धर्मशाळेचे गोडवे गातानाही थोडे थांबले पाहिजे. पंडिता रमाबाईंचे सारे बालपण यात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव पुराण सांगत फिरत. मुक्काम देवळात किंवा धर्मशाळेत. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेल्यावर रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास यांनी पायी चार हजार मैलांवर प्रवास केला आणि १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. या दिवसांची हकीगत रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली. कधी रस्त्याच्या कडेला उपाशीपोटी झोपावे, कधी धर्मशाळेत जागा मिळावी. पंजाबात झेलम नदीकाठी थंडीने जीव जाऊ लागला, पांघरूण नाही. तेव्हा या भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत निजून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. सगळे संस्कृत ज्ञान तोंडपाठ असलेली विशीच्या आतली मुलगी, आणि तिला या देशात वाळूचे पांघरूण! त्याच लेखात धर्मशाळांविषयी लिहिताना त्या सहज सांगून जातात की या जागा सर्व जातींच्या वाटसरूंस मोकळ्या असत, खालच्या मानलेल्या जाती तेवढ्या वगळून.

'तेवढ्या वगळून' म्हणजे काय, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेल्या आठवणींतून कळते. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचे भीमराव बरोबरच्या मुलांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कोणी आलेले नव्हते, कारण पत्र वडिलांना पोहोचलेलेच नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. जात कळताच मागे सरला. एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, आणि गाडी मुलांनी हाकायची व गाडीवानाने पायी चालायचे, असा तोडगा निघाला. रात्री टोलनाक्याच्या झोपडीपाशी मुक्काम पडला. मुलांजवळ घरून दिलेला फराळ भरपूर होता. पाणी नव्हते. नाकेदाराने, "तुमच्यासाठी पाणी कोणी भरून ठेवले आहे? टेकडीवर आहे, जाऊन आणा," असे सांगितले. डबा भरलेला असून मुले उपाशी झोपली, कारण घशाखाली उतरवायला घोटभर पाणी नव्हते. भल्या रुंद सरकारी सडकेवरचा, सरकारी नाक्यावरचा हा मुक्काम.

हे वाचल्यावर मी आजेसासूबाईंच्या गोष्टीकडे पुन्हा पाहिले. बंगल्याच्या चौकीदाराने आम्हाला आडाचे पाणी काढून दिले, ते आमची जात पाहूनच ना? आमच्या मागून दुसरी एखादी गाडी आली असेल, तिला तो काय म्हणाला असेल? आम्ही फाटकाबाहेर होतो हे खरे. पण आमच्याही बाहेर कोणी होते.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. समजा चौकीदाराने फाटक उघडले असते आणि "या बाई, आत झोपा" म्हटले असते, तर आजेसासूबाई गेल्या असत्या काय? मी त्यांना एकदा विचारलेही होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्या घरात कोंबडी शिजायची. आमचं सोवळं कुठं ठेवलं असतं?" म्हणजे दार बाहेरून बंद होते तसे आतूनही. साहेबाने आपल्या राहणीचे कुंपण घातले, आम्ही आमच्या चुलीचे. पुरुषांची गोष्ट थोडी निराळी. ते ओसरीवर जाऊन चौकीदाराशी तंबाखू खात बसत. अडून राहत त्या बायका, गाडीच्या तट्ट्याआड.

१९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे गोदावरी खोऱ्याची आगगाडी सुरू झाली आणि १९१२ साली पूर्णा ते हिंगोली हा फाटा सुरू झाला. वसमतला स्टेशन आले. दोन दिवसांची वाट दोन-तीन तासांवर आली. मुक्कामाची चिंता गेली असे मात्र नव्हे. ती सडकेवरून फलाटावर आली. वरच्या वर्गाला खुर्च्यांची खोली, मोठ्या स्टेशनांवर बायकांची निराळी खोली, आणि तिसऱ्या वर्गाला मुसाफिरखाना नावाची पत्र्याची शेड. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटे पुस्तक लिहिले, त्यात या शेडींच्या घाणीचे वर्णन आहे. पुढे १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने मोटारगाड्या सुरू केल्या, आरंभी अवघ्या सत्तावीस. मोटारीला दर बारा मैलांवर थांबण्याची गरज नव्हती. डाक बंगल्यांचे महत्त्व तेव्हापासून उतरले. जे मोठ्या गावांत होते ते टिकले. आडवाटेचे पडले, कोणाचे गोदाम झाले, कोणाची चौकी.

१९४८ साली निजामी गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. बंगल्यांची पाटी बदलून 'शासकीय विश्रामगृह' झाली. १९९९ च्या महाराष्ट्रदिनी आपला तालुका परभणीतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेला. पूर्णा–अकोला मार्ग २००८ साली रुंद झाला. तरी विश्रामगृहात 'खानसामा' हा शब्द अजून कानावर येतो, आणि सरकारी कामावरच्या माणसाला पहिला मान हा नियमही जुनाच आहे. त्यात गैर काही नाही. दौऱ्यावरच्या माणसाने झोपायचे कोठे? फक्त एवढेच मनात येते की आज आपल्या मुली परीक्षेला, मुलाखतीला नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे एकट्या जातात, आणि निघण्याआधी घरात पहिला प्रश्न येतो तो आजेसासूबाईंच्या वेळचाच: मुक्काम कोठे? मग नात्यातले कोणी आठवायचे, मैत्रिणीच्या वसतिगृहात विचारायचे, नाहीतर बापाने किंवा भावाने रजा काढून बरोबर जायचे.

आजेसासूबाई वाटेवर दागिने कोठे ठेवीत, ते सांगून लेख आवरते घेते. गळ्यातले मंगळसूत्र तेवढे ठेवून बाकी सोने त्या जोंधळ्याच्या पिठाच्या पिशवीत खोल घालीत आणि ती पिशवी उशाला घेऊन निजत. पहाटे उठून भाकरीला पीठ काढताना आधी बोटांनी चाचपून पाहायचे: पाटल्या आहेत, ठुशी आहे. मग तवा ठेवायचा. ती पिशवी पुढे जीर्ण होऊन गेली. पण अशा युक्त्या, मुक्कामाच्या जागांची नावे, बारवा, पार, कोणाच्या वाड्यात उतरायचे ते वाडे, ही माहिती आपल्यातल्या पुष्कळजणींच्या घरी सासूबाईंच्या, आजींच्या तोंडी अजून असेल. ती ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कागदाच्या एका बाजूवर लिहून मंडळात आणून द्यावी. लिहिता येत नसेल त्यांनी नुसते येऊन सांगावे. लिहून घ्यायला मी गुरुवारी दुपारी मंडळात असते.